सात आणि एकोणीस

"मॅडम, ही पण पिवळी झालीय."

गावंडेने प्लेट दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली होती. मेडिकल कॉलेजच्या सेकंड इयरची चाळीस मुलं सात नंबरच्या प्लेटीभोवती गर्दी करून उभी होती, कारण आधी तीच सापडली होती. गावंडेचा आवाज ऐकून सगळी तिच्याकडे वळली.

"नंबर वाच," मी म्हटलं.

"एकोणीस."

ओट्यावर तेवीस प्लेटा होत्या. दोन दिवसांपूर्वी मुलांनी अस्थिरोग वॉर्डात काम करणाऱ्या तेवीस जणांच्या नाकात कापसाची काडी फिरवून ती या प्लेटांवर ओढली होती. प्लेटांत जंतू वाढवायची गुलाबी, खारट जेली होती, आगर; तिच्यात मी एक अँटिबायोटिक मिसळलं होतं. साधे जंतू त्यात जगत नाहीत. त्या औषधाला न जुमानणारा जंतू असला तर तोच वाढतो आणि गुलाबीचं पिवळं करतो. एकवीस प्लेटा गुलाबीच राहिल्या होत्या.

कल्पना माझी होती. मी तेव्हा चौतीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तात्पुरती लेक्चरर. फळ्यावर जंतूंची नावं लिहून मुलांना झोप येते हे मला दिसत होतं. त्याच सुमारास अस्थिरोग वॉर्डात दोन महिन्यांत चार पेशंटांच्या जखमा चिघळल्या. पायात धातूची पट्टी घालून हाड जोडायचं साधं ऑपरेशन, आणि आठव्या दिवशी टाक्यांतून पू. चौघांच्या पुवात एकच जंतू निघाला. त्यातला एक एसटीचा कंडक्टर होता, सव्वीस वर्षांचा. त्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. मी विभागप्रमुख शेवडे सरांना म्हटलं, हा जंतू वॉर्डात कुणाच्या तरी नाकात असणार, मुलांनाच शोधू द्या. सर खूश झाले. "छान. जिवंत धडा होईल," म्हणाले.

प्रत्येक काडीला मी नंबर दिला होता. कुठला नंबर कुणाचा ही यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मुलांना फक्त आकडे माहीत. तरी ज्याने ज्याच्या नाकात काडी घातली त्याला तो चेहरा आठवणारच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी दोन्ही जंतूंवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवल्या. सहा औषधं, सहा चकत्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ गोल पडतो. चौघा पेशंटांच्या प्लेटा मी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. त्या चारींवर फक्त दोन गोल होते. उरलेल्या चार औषधांना जंतूने दाद दिली नव्हती.

"सात नंबरवर चार गोल आहेत," तिसऱ्या दिवशी एका मुलाने पट्टीने मोजून सांगितलं.

"आणि एकोणीसवर?"

"दोन," गावंडे म्हणाली. "पेशंटांसारखेच. तेच दोन, मॅडम."

"मग काय निष्कर्ष?"

"सात नंबरच्या नाकातला जंतू वेगळा आहे. पेशंटांच्या जखमेत गेलेला जंतू एकोणीस नंबरचा."

"शाब्बास," मी म्हटलं. "आता सांगा, त्या माणसाचं करायचं काय? नोकरीवरून काढायचं?"

मुलं हसली. मी फळ्यावर लिहिलं: नाकात मलम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. "एवढंच," मी म्हटलं. "त्याचा काही गुन्हा नाही. जंतू कुणाच्याही नाकात राहू शकतो. त्याला कळलं पाहिजे, आणि मलम मिळालं पाहिजे."

मुलांनी ते उतरवून घेतलं. मग मी माझ्या खोलीत जाऊन यादी काढली. सात नंबर दुर्पताबाई तायडे, वॉर्डातली आया. एकोणीस नंबर डॉ. पळसोकर, अस्थिरोगाचे प्रमुख.

पळसोकरांची ऑपरेशनं मी पाहिली होती. उकडतं म्हणून ते मास्क नाकाखाली ओढून घ्यायचे आणि कुणी त्यांना काही म्हणायचं नाही. दुर्पताबाई ऑपरेशन थिएटरच्या दारातसुद्धा कधी गेली नव्हती. चादरी बदलणं आणि पेशंटांना शौचाची भांडी देणं-काढणं हे तिचं काम.

मी लगेच काही बोलले नाही. दोघांच्या काड्या पुन्हा घेतल्या, वॉर्डात सगळ्यांच्याच घेतेय असं भासवून. सगळं पहिल्यापासून स्वतः केलं. निकाल तोच आला. त्या वेळी गावंडे प्रयोगशाळेत माझ्याजवळ होती. तिला आवड होती म्हणून वर्ग सुटल्यावर थांबायची. दर्यापूरकडच्या एका खेड्यातली मुलगी, वडील शाळेत शिपाई. इंग्रजी अडखळत बोलायची, पण पट्टीने गोल मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक करायची नाही.

"मॅडम, एकोणीस नंबरची काडी मीच घेतली होती," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या खोलीत."

"मग गप्प राहा," मी म्हटलं. "हे आपण चारचौघांत बोलत नाही. ज्याचं त्याला सांगायचं."

तिने मान हलवली. तेव्हा मला म्हणायचं होतं ते खरंच तेवढंच होतं.

शेवडे सरांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"एकोणीस नंबर मुलांच्या हाताने बिघडली असेल," ते म्हणाले.

"सर, मी स्वतः पुन्हा केली."

"कोणी सांगितलं होतं पुन्हा करायला?"

मी दुसऱ्या निकालाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"डॉ. कोलते, पुढच्या महिन्यात मेडिकल कौन्सिलचं इन्स्पेक्शन आहे. अस्थिरोगाच्या पीजीच्या जागा मिळायच्यात. प्रमुखाच्याच नाकात जंतू निघाला असं आपण लिहून द्यायचं? आणि उद्या तो कंडक्टर वकील घेऊन आला म्हणजे?"

"सर, नाव नको लिहायला. त्यांना फक्त मलम..."

"मलम द्या की. कोण नको म्हणतंय? सगळ्यांनाच देतोय म्हणून द्या. रिपोर्टमध्ये एक लिहा. सात नंबर खोटी आहे का? नाही ना? तिच्या नाकात जंतू आहेच. तुम्ही खोटं काहीच लिहीत नाही."

"पण तो जंतू वेगळा आहे."

"हे इथे कोणाला कळतं? तुम्हाला आणि मला." त्यांनी चष्मा चढवला. आवाज एकदम मऊ झाला. "तुमची कायम करण्याची फाईल डीनच्या टेबलावर आहे. मी शिफारस केलीय. चार वर्षं झाली ना तुम्हाला?"

"साडेचार."

"मग झालं."

रिपोर्ट मी माझ्या हाताने टाईप केला. 'वॉर्डातील सर्व कर्मचाऱ्यांची तपासणी केली असता जंतूची एक वाहक आढळली: सफाई कर्मचारी.' एकच वाक्य. त्या वेळी मी स्वतःला जे सांगितलं तेही सांगते. दुर्पताबाईला आठवडाभर सुट्टी मिळेल, मलम मिळेल, ती परत येईल, आणि इकडे पळसोकरांच्या नाकातला जंतू मरेल. सगळ्यांचं भागेल.

मलमाची ट्यूब घेऊन मी पळसोकरांकडे गेले.

"सर, खबरदारी म्हणून सगळ्यांनाच देतोय. पाच दिवस, दोन्ही नाकपुड्यांत."

त्यांनी ट्यूब हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "सगळ्यांना?"

"हो सर."

"सिस्टर काही बोलल्या नाहीत मला, त्यांना मिळाली म्हणून."

त्यांनी ट्यूब एप्रनच्या खिशात टाकली. "शेवडेंना माझा नमस्कार सांगा," म्हणाले, आणि समोरची एक्स-रेची फिल्म उजेडावर लावली.

तीन दिवसांनी डीनची ऑर्डर निघाली. दुर्पताबाई ठेकेदाराची माणूस होती. पंधरा वर्षं त्याच वॉर्डात, पण कागदावर ठेकेदाराचीच. ठेकेदाराला कळवण्यात आलं की संसर्गजन्य जंतूची वाहक असल्याने सदर महिलेस कामावर ठेवू नये. सुट्टीचा शब्दही नव्हता आणि मलमाचाही. मला हे दुपारच्या चहाच्या वेळी कळलं. चहा मी पूर्ण प्याले. मला दोनचा वर्ग घ्यायचा होता.

वर्गात मुलं प्रॅक्टिकलची जर्नलं लिहीत होती. निष्कर्षाच्या रकान्यात काय लिहायचं असं कुणीतरी विचारलं.

"एक वाहक आढळली. प्लेट क्रमांक सात," मी सांगितलं.

चाळीस पेनं क्षणभर थांबली. गावंडे उभी राहिली.

"मॅडम, दोन होत्या."

"एकोणीस नंबर बाहेरच्या जंतूंनी बिघडली होती."

"पण तुम्ही पुन्हा केली होती ना? मी होते तिथे."

"पुन्हाही बिघडली."

"मॅडम, गोल मी मोजले..."

"गावंडे, चूक होते शिकताना. बस खाली."

ती बसली नाही. उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं मोजमाप खरंच चुकलं का, हे ती मनात तपासून बघत होती. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता. शेजारच्या मुलीने ओढणी खेचून तिला बसवलं, आणि मग सगळ्या वर्गाने लिहिलं: एक. चाळीस जर्नलांवर मी सही केली.

दुर्पताबाईचं घर मी पुढच्या आठवड्यात शोधून काढलं. सरकीच्या गिरणीमागच्या वस्तीत. पर्समध्ये मलमाची ट्यूब होती. तिला निदान औषध तरी मिळायला हवं, असं मला वाटत होतं.

ती अंगणात बाजेवर बसली होती. बाजेखाली एक ताट, एक गिलास आणि पाण्याचा डबा असा वेगळा संसार मांडलेला. मला बघून ती उठली आणि चार पावलं मागे सरकली.

"तिथूनच बोला मॅडम. जवळ नका येऊ."

"का?"

"माह्या नाकात किडे हायेत ना जी. दवाखान्यात म्हंले तसं. कंडक्टरचा पाय माह्यापायी गेला म्हंतात."

"कोण म्हणतं?"

"सारेच म्हंतात." ती पदराने नाक-तोंड झाकून बोलत होती. "सून बाळंत होऊन सव्वा महिना झाला. नातू हाये. मले हात नाई लावू देत. तिचंही बराबर हाये, लहान जीव हाये. म्या म्हंलं, म्या बाहीर निजतो."

मी पुढे जाऊन बाजेवर बसले आणि तिला ट्यूब दिली. कशी लावायची ते दाखवलं. पाच दिवसांनी काही उरणार नाही, असं सांगितलं. मग, कारण समोर ती आणि मी दोघीच होतो, मी बोलून टाकलं. "बाई, कंडक्टरच्या पायातला जंतू तुमचा नव्हता. तुमचा वेगळा होता. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

तिला आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. तिने पदर तोंडावरून खाली घेतला फक्त.

"मंग ते पोरगी खरंच सांगत होती."

"कोण पोरगी?"

ती वाकली, उशाखालून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. गावंडेचं अक्षर मी ओळखलं. साध्या कागदावर मराठीत लिहिलं होतं. दुर्पताबाई तायडे यांच्या नाकात आढळलेला जंतू पेशंटांच्या जखमेतील जंतूशी जुळत नाही. त्यावर पाच दिवसांचा उपचार आहे. उपचारानंतर त्यांच्यापासून लहान बाळालाही धोका नाही. खाली सही, आणि सहीखाली: एमबीबीएस, द्वितीय वर्ष.

"परवा येऊन देऊन गेली. चांगली पोरगी हाये," दुर्पताबाई म्हणाली. "पण सून मानत नाई."

सून दारातच उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन. विशीतली असेल. ती शांतपणे बोलली. "मॅडम, दवाखान्यानं शिक्क्याचा कागद देऊन काढलं ना आत्याबाईले. ठेकेदारानं साऱ्या वस्तीत वाचून दाखवला तो. मंग नाई म्हणायचं असंल तं शिक्क्याच्याच कागदावर म्हणा. पोरीच्या सहीले काय अर्थ?"

"तुमी तं मोठ्या डाक्टर हाये जी," दुर्पताबाई म्हणाली. "तुमच्यापाशी शिक्का असंलच. आता मले सांगलं तेवढंच लिहून द्या. काम नाई मागत म्या. ते गेलं तं गेलं. घरात घेतीन मले, येवढ्यापुरतं."

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. विभागाचा, गोल, निळ्या शाईचा.

"देते," मी म्हटलं. "उद्या कॉलेजात या."

ती खरंच आली. धुतलेलं लुगडं नेसून, पदर नाकावर घेऊन, आमच्या विभागाबाहेरच्या बाकाच्या अगदी टोकाला बसली. कुणी जवळून गेलं की मान भिंतीकडे वळवायची. मी सकाळी दहाला तिला पाहिलं. लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या आणि थांबले, कारण तो कागद आणि माझा रिपोर्ट शेजारी ठेवले तर कोणीही विचारलं असतं की मग पेशंटांमधला जंतू कुणाचा. मी कागद फाडला. दुपारी मागच्या जिन्याने घरी गेले.

दुसऱ्या दिवशीही ती आली. साडेअकराला गावंडे माझ्या खोलीत आली.

"मॅडम, बाहेर बाई बसल्यात."

"माहीत आहे."

"कालपासून बसल्यात."

"माहीत आहे, गावंडे."

"मी लिहून आणते. तुम्ही फक्त सही करा. डॉक्टरांचं नाव नाही लिहिणार मी, फक्त बाईंचं..."

"तुला कुणी सांगितलं होतं तिच्या घरी जायला?"

ती टेबलापासून एक पाऊल मागे सरकली.

"विद्यार्थ्याने विभागाचा निष्कर्ष बाहेर लिहून दिला तर काय होतं, ठाऊक आहे? काढून टाकतात. वडील काय करतात तुझे?"

हे मी विचारलं. त्यांचं काम मला माहीत होतं. ती दार हळू लावून घेऊन निघून गेली. त्या दिवशीही मी मागच्या जिन्यानेच उतरले. तिसऱ्या दिवशी बाक रिकामा होता.

दिवाळीनंतर वॉर्डातल्या सिस्टरांकडून कळलं की दुर्पताबाई मूर्तिजापूरकडे बहिणीच्या गावी निघून गेली. नातवाचं लांबलेलं बारसंही तिच्याशिवाय झालं. पुढचं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

पळसोकरांनी मलम लावलं असणार, कारण त्यानंतर त्या वॉर्डात एकाही जखमेत तो जंतू निघाला नाही. इन्स्पेक्शन पार पडलं, जागा मिळाल्या. शेवडे सरांनी नागपूरच्या परिषदेत निबंध वाचला: वाहक सफाई कर्मचाऱ्याला हटवल्यावर संसर्गाची साथ कशी आटोक्यात आली. त्यावर दुसरं नाव माझं होतं. डिसेंबरात मी कायम झाले. याला आता बावीस वर्षं झाली. कंडक्टरला कुणी काहीच सांगितलं नाही.

त्या वर्षाची तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक औरंगाबादहून आले होते, वयस्कर आणि प्रेमळ. मुलं घाबरत आत येत आणि ते त्यांना पाणी प्यायला सांगत. गावंडेचा नंबर दुपारी लागला. ती समोर बसली, हात मांडीवर. बाई बाकावर बसून होती त्या दोन दिवसांनंतर तिने माझ्या वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. वर्ग सुटल्यावर थांबायचंही बंद केलं होतं.

"औषधांना दाद न देणाऱ्या जंतूची साथ तू स्वतः पाहिलीयस का?" परीक्षकांनी विचारलं. "तुमच्या विभागाचा निबंध मी ऐकला होता."

माझ्या हातात पेन होतं. तिने 'दोन होत्या' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण तिने ते म्हणावं असं मला वाटत होतं. त्या खोलीत कुणीतरी ते म्हणायला हवं होतं, आणि ती मी असणार नव्हते.

"हो सर," गावंडे म्हणाली. तिचं इंग्रजी आता अडखळत नव्हतं. "आमच्या अस्थिरोग वॉर्डात. तेवीस जणांची तपासणी केली. एक वाहक आढळली, वॉर्डातली आया. तिला कामावरून काढल्यावर साथ थांबली."

"शंका नव्हती काही? आणखी कोणी वाहक?"

"एक प्लेट बिघडली होती, सर. ती मोजली नाही. चूक माझी होती."

परीक्षक समाधानाने माझ्याकडे वळले. "आपली चूक इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी मुलं कमी असतात, मॅडम. चांगलं शिकवलंय तुम्ही."

गावंडेने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खुर्ची आवाज न करता मागे सारली, दोघांना नमस्कार केला आणि गेली. परीक्षकांनी विसातले अठरा लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.